सौम्य दुष्काळ

आयर्लंडमधल्या त्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात यंत्र जुने कागद वाचकांना सोसतील इतके सौम्य करूनच दाखवी; मूळ कागद वाचकांपुढे काढायला बंदी होती. नोराआजींनी आपल्या घराण्याचा दुष्काळातला अर्ज मागितला. पडद्यावर उमटलं, ‘सध्या आमचा आहार हलका आहे.’

“हलका? अगं, आमचं निम्मं घर उपाशी मेलं!”

नोकरीचं नंतर बघू म्हणत अभिलेखपाल वसुधा देवगावकरांनी पेटीतून मूळ अर्ज काढला आणि जिथं खोकायचीही चोरी, त्या दालनात खणखणीत वाचला, “साहेब, पोरं गवत खाताहेत.”

“शांतता! नोकरी जाईल,” यंत्र म्हणालं.

“म्हणा आजी, माझ्यामागून.”

आजींनी म्हटलं. मग शेजारच्या टेबलानं. मग अख्ख्या दालनानं.

यंत्रानं घाईघाईनं पडद्यावर उमटवलं, ‘मुलांना पालेभाज्या आवडू लागल्या आहेत.’

पडद्याकडे कुणी बघतच नव्हतं.