पुन्हा संख्याशास्त्र

गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची, मग सरकारी विद्यापीठात दोन. यादिराच्या हिशेबाने पदवी निम्म्या खर्चात पडत होती, आणि बदामाच्या कारखान्यात राबून घर ओढणाऱ्या धाकट्या भावाचा, एफ्रेनचा, कॉलेजचा नंबर तिच्यामागोमाग लागत होता.

विद्यापीठाने तिचा गावच्या कॉलेजात पास झालेला संख्याशास्त्राचा विषय धरलाच नाही. "तिथलं शिकवणं आमच्या तोडीचं नसतं," खिडकीपलीकडच्या बाई गोड हसून म्हणाल्या. "पुन्हा करा." त्या एका विषयावाचून पुढचे विषय अडले आणि चाराची पाच वर्षं झाली.

"ताई, माझे दात पडल्यावर पाठवणार का गं मला कॉलेजात?" एफ्रेनने डबा उचलला आणि तो जादा पाळीला निघून गेला.

विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला सर धापा टाकत आले. "सरासरी काढली, तर या वर्गातला प्रत्येक जण अर्धा जागा आहे!" सगळे हसले. यादिराला हसू येईना. हाच विनोद तिने गावच्या कॉलेजात ऐकला होता, याच सरांच्या तोंडून.

"अरे वा, यादिरा!" सर कौतुकाने म्हणाले. "तुलाही घेतलं इथे?"


विद्यापीठाला फी मिळाली, सरांना दुसरा पगार मिळाला; वर्ष तेवढं एफ्रेनचं गेलं.