चौथा दरवाजा

"आधी हात पुसा, मग हात लावा," शिवणकाम करणाऱ्या ताईंनी फडकं पुढे केलं. "सकाळपासून घासतेय मी तिला."

परीक्षकाने मुकाट्याने हात पुसले. हे त्याचं तिसरं वर्ष. शटर वर गेलेलं, दिवा लावलेला आणि मधोमध ती शेवाळी रंगाची बेचाळीस वर्षांची गाडी, शाळेच्या फोटोला उभं राहावं तशी ताठ. बॉनेटवर रंग विटला होता, मडगार्डला एक पोचा होता. पण तेवढं चालतं. जुन्या गाड्यांच्या मंडळाला विटलेला रंग चालतो, पोचा चालतो. चालत नाही तो दुसऱ्यांदा दिलेला रंग. कारखान्यातला रंग जसाच्या तसा असेल, तरच गाडी 'अस्सल'.

अस्सल ठरली की गाडी थेट संग्रहालयात जाणार होती. आणि ताई मुलीकडे, कायमच्या. मुलीने त्यांच्यासाठी खोलीसुद्धा आवरून ठेवली होती.

"मुलगी विचारत होती, एका गाडीला परीक्षा तरी किती? तिला म्हटलं, बाई गं, तूसुद्धा गणितात दोनदा बसली होतीस!"

परीक्षक हसला. मग त्याने पिशवीतून मीटर काढलं. काडेपेटीएवढं यंत्र. त्याचं टोक पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी आकड्यात दिसायची. कारखान्याचा रंग असेल तर शंभरच्या आसपास. वरून हात मारलेला असेल तर जवळजवळ दुप्पट.

"बॉनेट, अठ्ठ्याण्णव. टप, एकशे चार."

ताई कापडावर खुणा करायच्या खडूने भिंतीवर आकडे लिहीत होत्या. डिकी उत्तम. पहिला दरवाजा एकशे एक, दुसरा नव्व्याण्णव, तिसरा एकशे दोन. प्रत्येक आकड्याला ताईंचे ताणलेले खांदे थोडे सैल होत होते. उरला चौथा, चालकाच्या बाजूचा. दोन वर्षं तोच आडवा आला होता.

परीक्षक खाली वाकला तसा त्याचा चष्मा घसरला. काडीला गुंडाळलेली पारदर्शक चिकटपट्टी सुटून लोंबत होती.

"अजून तोच चष्मा? नवा घेणार होतात ना?"

"चालतंय की."

"घरी कुणी ओरडत नाही?"

"ओरडायला घरी कुणी असावं लागतं, ताई."

त्याने खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि स्टुलावर बसला. "दोन मिनिटं. चष्मा धड नसला तर आकडा दिसायचा नाही."

"दुरुस्त करा सावकाश. मी चहा बघते, नाहीतर जायचा उतू."

त्या चहा आणि खारी घेऊन आल्या तेव्हा तो दरवाज्यापाशी उभा होता. त्याने मीटरचं टोक टेकवलं. ताईंनी ट्रे खाली ठेवलाच नाही.

"एकशे ब्याण्णव."

"पुन्हा लावा."

"एकशे पंच्याण्णव."

ताईंनी ट्रे स्टुलावर ठेवला. खडू हातात घेतला, पण लिहिलं काहीच नाही.

"केस तर मीही रंगवते दर महिन्याला. मग मी काय नकली झाले?"

"तुमची तपासणी मंडळाच्या नियमात बसत नाही, ताई."

त्या हसल्या, पण अर्ध्यातच थांबल्या. "एक दरवाजा रंगवला तर अख्खी गाडी बाद?"

"बाद नाही. एकाच जागी खोट दिसली तर 'शंका' लिहायची. वर्षाने फेरतपासणी. या भागात मीच येतो. अस्सलचा शिक्का मारला किंवा बाद केली, की फाइल बंद. मग त्या घरी पुन्हा जाणं नाही."

तो चहा प्यायला. अगदी सावकाश. खारी बुडवून खाल्ली. कपात तळाशी गेलेला तुकडासुद्धा चमच्याने काढून खाल्ला.

"मला रंगाचं काही नाही हो," ताई दरवाज्याकडे बघत म्हणाल्या. "उसवून पुन्हा शिवलेला झगा काय कमी चांगला असतो? पण आमचे हे शपथेवर सांगायचे, हिला कारखान्यानंतर कुणाचा ब्रश लागलेला नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा तेच सांगत होते. माझ्याशी कधी खोटं बोललेला माणूस नाही, असं वाटायचं मला."

"विसरले असतील."

"ते घड्याळजी होते. काय विसरणार?" त्यांनी पदराने आरसा उगीचच पुसला. "मुलीच्या वेळी मी माहेरी होते. तेव्हा आठ दिवस गाडी बाहेरगावी नेली होती त्यांनी. कुठे, कुणाबरोबर, मी कधी विचारलंच नाही. आता तेच आठ दिवस डोक्यातून जात नाहीत. कुठेतरी ठोकली असेल, रंगवून आणली असेल. एवढं लपवलं, तर आणखी काय काय लपवलं असेल?"

परीक्षक फॉर्म भरत होता. त्याने 'शंका' हा शब्द सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

ताईंनी चौथा दरवाजा उघडला. डॅशबोर्डवर नवऱ्याचा छोटा फोटो चिकटवलेला होता. तो त्यांनी अलगद सोडवला, क्षणभर पाहिला, खणात पालथा ठेवला आणि खण लावून टाकला.

"पुढच्या वर्षी हीच तारीख?" परीक्षकाने विचारलं.

"या. मी कुठे जातेय आता?"

त्यांनी उरलेली खारी कागदात बांधून त्याच्या हातात दिली. तो शटरखालून वाकून बाहेर पडला.

कोपरा वळल्यावर तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. मांडीवर खारीची पुडी ठेवली, पिशवीतून मीटर काढलं आणि त्याच्या टोकावर एकावर एक लावलेल्या दोन चिकटपट्ट्या नखाने सोलून काढल्या. मग वाया जायला नकोत म्हणून त्या चष्म्याच्या काडीला नीट गुंडाळल्या.