आधी धुराला विचारू

स्वयंपाकघरात खिडकीच्या जागी एक्झॉस्ट फॅन बसवला, तरी अनुपमाचा खोकला थांबेना. तिचा नवरा शिवप्रकाश मग मोबाईलवर हवा शुद्ध करायच्या मशिनी बघू लागला.

"अप्पा, ही घेऊ का ती?"

"थांब की. आधी धुराला विचारू," म्हणत चन्नबसप्पांनी नातीला उदबत्ती पेटवायला सांगितली.

सून परसात कपडे वाळत घालत होती. आजा-नात स्वयंपाकघरात गेले, अनुपमा लावते तसं दार लावलं आणि फॅन सुरू केला. धूर फॅनपर्यंत जायचा आणि तिथंच घुटमळायचा.

"आता दार उघड बरं."

शिवरंजनीने दार उघडलं, तसा धूर सरळ फॅनकडे धावला आणि बाहेर पडला. पोरगी बघतच राहिली. "असं कसं झालं, आज्जा?"

"आत यायला हवेला वाटच नव्हती, मग भाइर जाईल काय? लय सोपं हाय. आईला सांग, दार उघडं ठेवून सैपाक कर म्हणावं."

"आई न्हाई ठेवणार. समोर तुमी बसलेले असता. डोईवरचा पदर सांभाळत भाकरी थापता येत न्हाई, म्हणून तर ती दार लावून घेती."

चन्नबसप्पांनी उघड्या दारातून समोर पाहिलं. बैठकीत त्यांची खुर्ची होती, अगदी दारासमोर.

"मग कोणती मशीन घ्यायची, अप्पा?" शिवप्रकाशने पुन्हा विचारलं.

"कोणतीच न्हाई," ते म्हणाले. "ही खुर्ची अंगणात न्यायला जरा हात लाव."