पाइपचं तोंड

माझ्या बायकोला, गुनवोरला, पुरून महिना झाला होता. आमच्या जुन्या अमेरिकन गाडीच्या धुराच्या जाड पाइपचं तोंड फाकवायला मी गॅरेजात बसलो. टोक लाल होईपर्यंत तापवलं, आत लोखंडी शंकू घातला आणि हातोडा हाणला. तोंड फाकलं नाही, उभं चिरलं.

शेजारचा बिर्गर दार ढकलून आत आला. ओठाखालची तंबाखूची ओली पुडी काढून त्याने माझ्या टेबलाच्या कडेला चिकटवली.

"काय रे, चाळीस वर्षं भिंतीपलीकडून तुझी ठोकाठोक ऐकतोय, आणि अजून एवढं जमत नाही? बिचारी गुनवोर! सुटली एकदाची त्या आवाजातून."

"हातोडा तिच्या हातात असायचा, बिर्गर. मी नुसता पाइप फिरवायचो."