बारावी खुर्ची

अकरा खुर्च्या भरल्या होत्या, बारावी रिकामी. तिसऱ्या बाकावरून प्लंबरची बायको त्या खुर्चीकडे बघत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत होती.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या गुरुवारची ही संध्याकाळ. फादर दरवर्षी या दिवशी बारा जणांना बोलावून त्यांचे पाय धुवायचे. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत प्लंबरचं नाव यादीत पहिल्यांदाच आलं होतं. बायकोला आभाळ ठेंगणं झालं. तीन दिवस तिने वजरीने त्याच्या टाचा घासल्या, नखं कापली, भेगांत तेल जिरवलं. बास कर गं, आता सालं निघतील, असं तो म्हणायचा. पण ही ऐकते कसली!

आणि आज ऐन निघताना समोरच्या मास्तरीणबाई दारात हजर. त्यांचं ड्रेनेज तुंबलं होतं, घाण पाणी पार स्वयंपाकघरापर्यंत आलेलं. याच बाई, चर्चमध्ये प्लंबर शेजारी बसला की नाकाला रुमाल लावून दुसऱ्या बाकावर जायच्या. चार वर्षं बोलणं बंद होतं. बायको म्हणाली, उद्या बघू, एक दिवस त्यांनाही कळू दे वास म्हणजे काय ते. त्याने पायातल्या नव्या चपला काढून तिच्या हातात दिल्या.

"तू हो पुढे. मी आलोच."

तो आला तेव्हा फादर अकराव्या माणसाचे पाय पुसत होते. हा अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, घोट्याच्या वरपर्यंत काळा राडा. पुढच्या दोन बाकांवर चुळबुळ झाली. तो गुपचूप बाराव्या खुर्चीत बसला. कुठे होतास, फादरांनी विचारलं. एकीकडे पाणी तुंबलं होतं, एवढंच तो म्हणाला. कुणाकडे, ते सांगितलं नाही.

मागच्या बाकावर परगावच्या एक पाहुण्या बाई होत्या. त्यांनी बायकोला हळूच विचारलं, कोण हो हा माणूस? धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"काय की," ती म्हणाली आणि मांडीवरची चपलांची पिशवी तिने बाकाखाली सरकवली.

फादर गुडघ्यांवर बसले. पहिलं पाणी बघता बघता काळं झालं. ते ओतून दुसरं आणलं, तेही काळं. कुणीतरी खुसखुसलं.

तेवढ्यात दारातून मास्तरीणबाईंचा आवाज आला, वर्गात असायचा तसाच खणखणीत.

"हसू नका. ती घाण माझ्या घरातली आहे."

फादरांनी तिसऱ्यांदा पाणी मागवलं. प्लंबरची टाच हातात धरूनच त्यांनी लोकांकडे मान वळवली.

"अकरा जणांचे पाय मी नुसते ओले केले," ते म्हणाले. "धुवायला मिळाले ते हेच."

बायकोला लाज वाटली ती स्वतःची. नवऱ्याच्या अभिमानाने मात्र ऊर असा भरून आला की बसल्या जागी तिची मान ताठ झाली. तिने बाकाखालची पिशवी काढून पुन्हा मांडीवर घेतली. सरकून मास्तरीणबाईंसाठी जागा केली. मग मागे वळली.

"मघाशी विचारलंत ना," ती पाहुण्या बाईंना चांगलं मोठ्याने म्हणाली, "माझा नवरा आहे तो."