गुहेत होतं का?

वजनकाट्यावर चढण्याआधी वडिलांनी चष्मा काढून ठेवला. मागच्या रविवारी घड्याळ काढलं होतं. लेक गुडघ्यांवर बसून आकडा वाचत होती आणि जावई दारात उभा राहून न मिळालेल्या नाश्त्याचा विचार करत होता.

"सत्तावन्न," ती म्हणाली. "अकरा किलो गेले, बाबा."

वडील काट्यावरच उभे राहिले.

सहा महिन्यांपूर्वी आई गेली होती. आधी रक्तात साखर निघाली, मग मूत्रपिंडं गेली, मग ती. लेक शाळेत जीवशास्त्र शिकवायची. कारण सापडल्याशिवाय कुठलीही गोष्ट तिला सोडवत नसे. रजा संपायच्या आत तिने तीन जाडजूड पुस्तकं वाचून काढली आणि भेटायला आलेल्या सगळ्यांसमोर निकाल दिला. आईला पिठानं नेलं. माणूस लाखो वर्षं शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगला. तेव्हा ना साखर होती, ना रक्तदाब. शेती आली आणि घात झाला.

वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. चाळीस वर्षं त्यांनी पावाची भट्टी चालवली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भट्टीची किल्ली धाकट्या भावाच्या हातात दिली आणि एक पिशवी घेऊन ते लेकीकडे राहायला आले. आपलं म्हणणं कुणाला तरी इतकं पटलं, याचा तिला त्या दिवसांत फार आधार वाटला. आई गेली, निदान बाबा तरी राहावेत, एवढंच तिला हवं होतं.

घरात आदिमानवाचं राज्य आलं. कुठलीही वस्तू तोंडात घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: गुहेत होतं का? पीठ नव्हतं. साखर नव्हती. दूध नव्हतं, कारण रानातली म्हैस धार काढू देत नाही. मिठावर दोन दिवस खल झाला आणि समुद्र तेव्हाही होता म्हणून ते सुटलं. शिकार फोनवरून व्हायची. ती साफ करून, तुकडे करून दहा मिनिटांत दारात यायची आणि वर दोन लिंबं फुकट मिळायची. पूर्वज अनवाणी हिंडत, म्हणून वडिलांना सकाळी बागेत चपला काढून चालावं लागे. ते पाहून बागेच्या रखवालदाराला इतकी दया आली, की त्याने आपला जुना जोड त्यांच्यापुढे ठेवला.

जावई तिसऱ्या आठवड्यात पकडला गेला. स्कूटरच्या डिकीत बिस्किटांचे चार पुडे सापडले.

"शिकार नाही केली," तो म्हणाला. "गोळा केलेत."

त्या दिवशी त्याला रात्रीपर्यंत बदामांवर ठेवलं गेलं.

वडिलांची मात्र एकदाही कुरकुर नव्हती. पुढ्यात येईल ते उकडलेलं रताळं, पाल्याची जुडी, मूठभर शेंगदाणे ते मुकाट्याने खात. शेंगदाणे नियमात बसत नाहीत हे कळल्यावर तेही बंद झाले. उलट वाढलेल्यातलं अर्धं ते परत ठेवत. विजार सैल झाली तसतशी पट्ट्याला नवी भोकं पाडत, तीही स्वतःच, खिळा तापवून. लेक वर्गात त्यांचं उदाहरण द्यायची. निग्रह कसा असावा, तर असा. शिक्षकांच्या खोलीत तिघींनी तिच्याकडून आहाराचा तक्ता उतरवून घेतला होता. सासरेबुवांनी आपलं जिणं हराम केलं, असं जावई मित्रांना सांगत फिरायचा. एकटी बायको असती तर ती कधीच कंटाळली असती, असं त्याचं म्हणणं.

काल डॉक्टरांनी आधी कागद पाहिले, मग वडिलांना पाहिलं, मग परत कागद पाहिले. साखर उत्तम आहे, म्हणाले, पण आता पुरे करा. अंगावर थोडं मांस राहू द्या. चार घास पावाचे पोटात गेले तर काही बिघडत नाही.

लेकीने रात्रभर विचार केला आणि मोठ्या मनाने हार मानली. आज सकाळी ती स्वतः काकांच्या भट्टीवर जाऊन पाव घेऊन आली होती. तो टेबलावर होता, अजून कोमट. सहा महिन्यांत पहिल्यांदाच घरात तो वास भरला होता.

"आता उतरा आणि खाऊन घ्या," ती म्हणाली. "आजपासून तुम्हाला सवलत."

"नको."

"अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"नको. आहे तसंच चालू दे."

तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं. बघ, निग्रह म्हणतात तो हा. जावयाने बघितलं नाही. त्याचा हात पावाच्या दिशेने निम्म्या वाटेवर पोहोचला होता.

"भट्टीतला पहिला पाव मी तुझ्या आईलाच द्यायचो," वडील म्हणाले. "रोज. साखर निघाल्यावर ती नको म्हणायची. मी म्हणायचो, खा गं, एका पावानं काय होतंय."

जावयाने हात मागे घेतला. लेक गुडघ्यांवरच बसून राहिली. समोर वडिलांची पावलं होती, बागेतल्या खड्यांनी चिरलेली. त्या चिरा तिला इतक्या जवळून कधी दिसल्या नव्हत्या.

"तू सांगशील तेवढं करतो मी, बाळ," ते म्हणाले. "फक्त एकदा सांगून टाक. अजून किती किलो उतरले, म्हणजे तू मला माफ करशील?"