जावयाची आवड

लग्नानंतर अमर पहिल्यांदाच मारेगावला सासरी जेवायला बसला आणि ताटात रानसशाचा रस्सा आला. सकाळी अंगणात ससा कापताना मांसात दिसलेले जंतांचे पांढरे फोड त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. पण मुलगी बघायला आला तेव्हा सासऱ्यांवर छाप पाडायला "सशाचं मटण म्हणजे आपला जीव की प्राण" असं त्यानंच ठोकून दिलं होतं.

"भेऊ नका जवाईबुवा, मस्त शिजवलं. जंत असतीन तरी मेले असतीन," म्हणत सासरे रामरावांनी आणखी दोन तुकडे वाढले. अमरनं घाम पुसत, पाण्याच्या घोटाबरोबर सगळं गिळलं.



रामराव समाधानानं आपल्या ताटातल्या बेसन-भाकरीकडे वळले. "आमच्या घरी जंताच्या भेवानं ससा कोनीच खात नाही जी. पन तुमची आवड हाय, आता तुमी याल तवा आनूच!"